कष्टकऱ्याची कंबर



कामगार संघटनेचा माणूस व्याख्यानाला उभा राहिला म्हणजे तो मजुरी, बोनस किंवा एखादा कायदा यांवरच बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आज आम्ही मान, खांदा, कंबर आणि गुडघा यांच्या दुखण्याविषयी, आणि फिजिओथेरपी या नावाने जो उपचार ओळखला जातो त्याविषयी बोलणार आहोत. आम्ही वैद्य नाही, डॉक्टर नाही. शाळेचे शिक्षणही पदरी फारसे नाही. जे थोडेफार कळले ते वाचून, जाणत्यांना विचारून आणि चुका करून कळले. परंतु हमाल, बिडी वळणाऱ्या बाया, रोवणीचे मजूर यांच्यात आयुष्य काढताना जे गाऱ्हाणे आम्ही सर्वांत अधिक वेळा ऐकले, ते मजुरीचे नव्हे. "भाऊ, कंबर धरली जी," हे ते गाऱ्हाणे.

गोसीखुर्दच्या या परिसरात त्या गाऱ्हाण्याला एक वेगळा अर्थ आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते येथे वैनगंगेवरील धरणाची पायाभरणी झाली. पुढे गावे उठली, बांध्या पाण्याखाली गेल्या. मोबदल्याचा तंटा वर्षानुवर्षे चालला, आणि तो आपणां सर्वांना ठाऊक आहे. ज्यांची शेते गेली त्यांच्यापैकी पुष्कळांपाशी विकण्याजोगे काय उरले? अंग उरले. त्या अंगावर कोणी दुसऱ्याच्या बांधीत रोवणीला गेले, कोणी पोती उचलली, कोणी डोक्यावर घमेली वाहिली. जमीन गेली तर तिचा मोबदला मागता येतो. कंबर गेली तर तिचा मोबदला कोणत्या कचेरीत मागावा? म्हणून कंबरेचा प्रश्न हा आम्ही भाकरीचा प्रश्न समजतो, आणि त्याच नात्याने येथे उभे आहोत.

प्रथम आमच्या हातून झालेली चूक सांगतो. सुमारे वीस वर्षांपूर्वी आमच्या ओळखीचा एक हमाल पोते उचलताना जागच्या जागी वाकला. त्याला एका डॉक्टरांनी तीन आठवडे खाटेवरून उठू नये असे बजावले. आम्हांला ते योग्यच वाटले. आम्ही वर्गणी काढून त्याच्या घरी धान्य पोचविले, त्याची पाळी राखून ठेवली आणि आपण मोठे काम केले असे समजलो. एवढ्यावर न थांबता संघटनेच्या पैशातून सर्व हमालांसाठी कमरेचे पट्टे आणले. तीन आठवड्यांनी तो गडी उठला तेव्हा त्याच्या मांड्या सैल पडल्या होत्या आणि मनात भीती बसली होती. वाकले की कंबर तुटेल असे त्याला वाटे. तो पोत्याला पुन्हा हात लावू शकला नाही. पट्टे मात्र बरीच वर्षे खुंटीला टांगलेले आम्ही पाहिले. आमचा हेतू चांगला होता. पण हेतू चांगला असल्याने उपचार बरोबर ठरत नाही, हे त्या माणसाने आम्हांला शिकविले, आणि त्याची किंमत त्याने भरली.

त्यानंतर आम्ही या विषयाचे वाचू लागलो. तेव्हा कळले की विश्रांतीची ही समजूत केवळ आमची नव्हती. जगभर डॉक्टर तेच सांगत असत. १९८६ साली अमेरिकेत टेक्सास राज्यात २०३ रुग्णांवर एक प्रयोग झाला. कंबर दुखणाऱ्या काहींना दोन दिवस खाटेवर राहण्यास सांगितले, काहींना सात दिवस. दोन दिवसवाल्यांचे काहीही अधिक बिघडले नाही. उलट त्यांचे कामाचे खाडे ४५ टक्क्यांनी कमी झाले. १९९५ साली फिनलंडमध्ये हेलसिंकी शहराच्या नोकरवर्गातील १८६ जणांवर दुसरा प्रयोग झाला. एका गटाला दोन दिवस विश्रांती, दुसऱ्याला कंबरेचे व्यायाम आणि तिसऱ्याला दुखणे सोसवेल त्या बेताने रोजचे व्यवहार चालू ठेवण्यास सांगितले. सर्वांत लवकर बरा झाला तो तिसरा गट. यात शिकण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. ताज्या दुखण्यात खाट धरू नये, ही एक. आणि ताज्या दुखण्यात विशेष व्यायामाचीही घाई नको, हलके-हलके हिंडते-फिरते राहावे, ही दुसरी. व्यायामाची खरी पाळी येते ती दुखणे रेंगाळले किंवा पुन्हा पुन्हा उलटू लागले म्हणजे.

असे का व्हावे? आपले सांधे ज्या कूर्चेवर फिरतात, तिला रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण सांध्यातील रसातून होते. ओला स्पंज दाबला की पाणी बाहेर येते आणि सोडला की आत शिरते. सांधा हलला, त्यावर भार आला आणि उतरला, म्हणजे तसाच तो रस आत-बाहेर होतो. सांधा निजवून ठेवला तर त्याचे अन्नच तुटते. स्नायूंचेही तेच. खाटेवर पडताच काही दिवसांत त्यांचे बळ घटू लागते, आणि ज्या स्नायूंनी मणक्याला तंबूच्या दोऱ्यांप्रमाणे ताणून धरावयाचे तेच ढिले पडतात. मग उठल्यावर तोच भार अधिक जाणवतो, माणूस पुन्हा निजतो आणि हे चक्र फिरत राहते.

दुसरी गोष्ट दुखण्याची. दुखणे म्हणजे इजा, असे आपण धरून चालतो. पहिल्या काही दिवसांत ते बहुधा खरे असते. परंतु तीन-तीन महिने चाललेल्या दुखण्यात मूळची इजा बहुतेक भरून आलेली असते आणि मज्जातंतू मात्र सावध राहिलेले असतात. चोर येऊन गेल्यावरही कुत्रे रात्रभर पानाच्या सळसळीवर भुंकत राहते, तसे हे आहे. याचा अर्थ दुखणे खोटे आहे असा मुळीच नाही. माणसाला खरोखरच दुखते. पण तेथे कुत्र्याला हळूहळू शांत करणे हा उपाय असतो, दार कायमचे लावून घेणे हा नव्हे.

आपल्याकडे एक शब्द फार रूढ झाला आहे, 'मणक्यात गॅप'. फोटो काढला, गादी सरकलेली दिसली, की माणूस स्वतःला निकामी समजू लागतो. २०१५ साली निरनिराळ्या देशांतील अशा तपासण्या एकत्र करून पाहण्यात आल्या. ज्यांना कंबरदुखी मुळीच नव्हती अशाच लोकांच्या त्या तपासण्या होत्या. त्यांत विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के माणसांच्या मणक्यांतील गाद्या झिजलेल्या आढळल्या. म्हणजे केस पिकावे तशी गादीही पिकते. पिकल्या केसांना आपण रोग म्हणत नाही.

आता फिजिओथेरपी म्हणजे काय, ते पाहू. पुष्कळांची समजूत अशी की ती म्हणजे मालिश, नाहीतर विजेच्या यंत्राचा शेक. या विद्येचे मूळ व्यायामात आहे. स्वीडनमध्ये पेर हेन्रिक लिंग यांनी १८१३ साली स्टॉकहोम येथे व्यायामशिक्षणाची संस्था काढली, तेथून या उपचाराची परंपरा धरतात. इंग्लंडमध्ये १८९४ साली चार परिचारिकांनी या व्यवसायाची संघटना बांधली. संघटनेचा माणूस म्हणून हे सांगताना आम्हांला विशेष आनंद होतो. आपल्या देशात ही विद्या रुजली ती मुख्यतः पोलिओच्या निमित्ताने. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच तिचे शिक्षण सुरू झाले आणि १९५५ साली मुंबईतच हाजी अली येथे भौतिकोपचार व पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था उभी राहिली. लुळ्या पडलेल्या मुलाच्या पायात उरलेले बळ शोधून काढावयाचे आणि ते रोज थोडे-थोडे वाढवावयाचे, हे ते काम. २०११ च्या जानेवारीनंतर देशात नैसर्गिक पोलिओचा रोगी आढळला नाही आणि २०१४ साली तसे प्रमाणपत्रही मिळाले. पोलिओ गेला, विद्या राहिली. ती आता आपल्या कंबरेच्या कामी यावी.

चांगला फिजिओथेरपिस्ट काय करतो? तो प्रथम विचारतो, काम काय करता? हा प्रश्न जुना आणि थोर आहे. रामाझ्झिनी नावाच्या इटालियन वैद्याने १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि रोग्याला त्याचा धंदा विचारलाच पाहिजे असा आग्रह वैद्यांना केला. त्यानंतर तो तुम्हांला वाकवून, वळवून, उठवून, बसवून पाहतो. कोणता स्नायू दुबळा आहे, कोणता सांधा आखडला आहे, हे हातांनी तपासतो. मग व्यायाम नेमून देतो. किती वेळा, किती भाराने, आठवड्यातून किती दिवस, हे औषधाच्या मात्रेप्रमाणे ठरवितो आणि झेपेल तसे वाढवितो. व्यायाम करताना थोडे दुखले तर चालते. दुसऱ्या दिवसापर्यंत ते मूळपदावर आले म्हणजे मात्रा बरोबर आहे. दुसऱ्या दिवशीही ठणका वाढलेलाच राहिला, तर मात्रा कमी करावयाची. व्यायाम सोडावयाचा नाही.

आमच्या ओळखीच्या एका बिडी वळणाऱ्या बाईंचे उदाहरण घ्या. मांडीवर सूप, मान खाली, दोन्ही खांदे पुढे, अशी हजार बिड्यांची बैठक त्यांनी वर्षानुवर्षे काढली. उजवा खांदा असा आखडला की केसांची गाठ बांधता येईना. त्यांना मधुमेह होता, आणि मधुमेह असणाऱ्यांत खांदा आखडण्याचे प्रमाण अधिक असते. दुखणे दाबणारी सुई घेऊन त्यांनी आठ-दहा महिने काढले. सुईचा गुण चार दिवस टिके. शेवटी एका फिजिओथेरपिस्ट मुलीने त्यांना तीन गोष्टी शिकविल्या. टेबलावर एक हात टेकून दुखरा हात खाली सोडायचा आणि घड्याळाच्या लंबकासारखा झुलवायचा. भिंतीवर बोटांनी मुंगीसारखे वर चढत जायचे आणि रोज जेथवर पोचले तेथे खडूची खूण करायची. आणि बसल्या जागेवरून दर अर्ध्या तासाने उठायचे. बाईंची पहिली तक्रार अशी की उठले तर बिड्या कमी होतील. आम्ही त्यांच्याबरोबर बसून हिशेब केला. थोड्या कमी झाल्या खऱ्या, पण दुखण्यामुळे बुडणारे पूर्ण दिवस वाचले. खडूच्या खुणा वर सरकत गेल्या. पाच-सहा महिन्यांनी त्या केस बांधून सभेला आल्या. यात जादू काही नाही. आखडलेला खांदा सुटायला कधी वर्ष-दोन वर्षेही लागतात. धीर हा या उपचाराचा अर्धा भाग आहे.

गुडघ्याचे तसेच. चढताना-उतरताना गुडघा दुखू लागला की माणूस चालणे सोडतो, वजन वाढते आणि गुडघा अधिक दुखतो. गुडघ्याचा खरा राखणदार मांडीचा पुढचा स्नायू. खुर्चीवर बसून पाय सरळ करावा, चार-पाच अंक मोजेपर्यंत धरावा, सोडावा. असे दहा वेळा. पुढे हाताचा आधार न घेता खुर्चीवरून उठावे-बसावे. आणि चालणे सोडू नये. हा उपचार बिनपैशाचा आहे, आणि कदाचित म्हणूनच त्यावर लोकांचा विश्वास बसत नाही.

आपण म्हणाल, हे मजुरांचे झाले, आम्हां शहरवासीयांचे काय? दुकानाच्या गल्ल्यावर दहा तास बसणारा, मशीनवर वाकलेला शिंपी, वह्या तपासणारे गुरुजी, मोबाइलमध्ये मान घातलेला कॉलेजातला मुलगा, यांची मान आणि बिडी वळणाऱ्या बाईंची मान यांत फरक थोडा आहे. वाईट बैठक म्हणून एखादीच नसते. फार वेळ न बदललेली कोणतीही बैठक वाईट. जगात २०२० साली सुमारे ६१ कोटी ९० लाख माणसांना कंबरदुखी होती असा अंदाज आहे. माणसाला अपंग करून घरी बसविणारी कारणे मोजली तर तिचा नंबर पहिला लागतो. इतक्या मोठ्या दुखण्यापुढे मजूर आणि मालक हा भेद फार टिकत नाही. टिकतो तो एवढाच की मालकाला घरी बसणे परवडते.

मात्र प्रत्येक दुखणे व्यायामाचे नसते, हे विसरू नये. कंबरदुखीबरोबर लघवी किंवा शौचावरचा ताबा गेला, बैठकीची जागा बधिर झाली, पायातले बळ झपाट्याने कमी होऊ लागले, तर एक दिवसही न दवडता मोठे रुग्णालय गाठावे. ताप येतो, वजन घटते, रात्री निजल्यावरही दुखणे सोडत नाही, पूर्वी कर्करोग झालेला आहे किंवा उंचावरून पडल्यानंतर दुखते आहे, तर आधी डॉक्टरांची तपासणी झाली पाहिजे. क्षयरोग मणक्यालाही होतो, आणि आपल्या देशात हे ध्यानात ठेवलेच पाहिजे.

तसेच या विद्येच्या नावाखाली जे-जे विकले जाते ते सर्व उपयोगाचे असतेच असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत रुग्णाला समजावून सांगणे आणि व्यायाम यांची शिफारस आहे. वजन लावून कंबर ओढणे, अल्ट्रासाउंडचा शेक, कमरेचे पट्टे यांची नित्याचा उपचार म्हणून शिफारस नाही. पट्ट्यांचे वाचले तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे त्या खुंट्या उभ्या राहिल्या. शेकाने बरे वाटते, घरच्या गरम पाण्याच्या पिशवीनेही वाटते. ते सुख अवश्य घ्यावे, पण त्याला उपचार समजून महिनोन्‌महिने पैसे मोजू नयेत. जो तुम्हांला नुसता यंत्राखाली निजवितो आणि काही शिकवीत नाही, त्याच्याकडे वारंवार जाण्यात अर्थ नाही. जो शिकवितो त्याची गरज हळूहळू संपते. चांगल्या उपचारकाची ही खूण आहे. त्याचे शिक्षण आणि नोंदणी विचारण्यात संकोच बाळगू नये.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो आमच्या धंद्याचा आहे. समजा, एका हमालाची कंबर व्यायामाने बरी केली आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या पाठीवर पुन्हा क्विंटलाचे पोते दिले, तर आपण उपचार केला की थट्टा केली? आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९६७ सालीच शिफारस केली की प्रौढ पुरुषाने एकट्याने वाहावयाचे वजन ५५ किलोपेक्षा अधिक असेल तर ते शक्य तितक्या लवकर त्या मर्यादेत आणावे. पोत्याचे वजन कमी करणे हा आमच्या मते कंबरेवरचा पहिला उपचार होय. रोवणीत दिवसभर पाण्यात वाकून पऱ्हे लावणाऱ्या बायांना थोड्या-थोड्या वेळाने सरळ उभे राहून कंबर मागे करण्याची मोकळीक देणे, पेंढ्या पोचविणे आणि रोवणे ही कामे आळीपाळीने करणे, हाही उपचार होय. मुकादम म्हणेल, वेळ वाया जातो. त्याला आमचे उत्तर तेच, जे आम्ही त्या बिडीवाल्या बाईंना हिशेब करून दाखविले.

आणि उपचार जवळ असला पाहिजे. आठवड्यातून दोन वेळा जाण्याचा उपचार पन्नास-साठ मैलांवर असेल तर मजुराला तो नसल्यासारखाच. रोजी बुडवून, भाडे भरून तो किती खेपा करील? त्यापेक्षा तो सुई घेईल आणि कामावर जाईल. त्याला दोष देता येत नाही. तालुक्याच्या रुग्णालयात फिजिओथेरपिस्टची जागा असावी, ती भरलेली असावी आणि तेथील माणसाने महिन्यातून एकदा तरी गावात येऊन व्यायाम शिकवावेत, ही मागणी रस्ता आणि वीज यांच्या मागणीइतकीच रास्त आहे. यंत्रे नसली तरी चालेल. एक जाणता माणूस, एक सतरंजी आणि एक भिंत एवढ्यावर या उपचाराचा बराच भाग होतो. आपणांसारख्या शहरातील जाणत्या मंडळींनी ही मागणी उचलली तर ती लवकर ऐकली जाते, असा आमचा अनुभव आहे.

तो पहिला हमाल आज हयात नाही. त्याला खाटेवर निजविण्याऐवजी दुसऱ्या दिवशी हाताला धरून अंगणात चालविले असते तर काय झाले असते, हे आज सांगता येत नाही. पण त्याच्या मुलाची कंबर दोन वर्षांपूर्वी धरली तेव्हा आम्ही वर्गणी काढली ती पट्ट्यासाठी नव्हे, उपचाराला जाण्यायेण्याच्या भाड्यासाठी. तो आज कामावर आहे.

श्रोतेहो, बराच वेळ आपण एका बैठकीत, मान वर करून आमचे बोलणे ऐकलेत. आम्ही जे सांगितले त्यावर आपला विश्वास बसला असेल तर टाळ्या न वाजविता सर्वांनी उभे राहावे, हात वर करून अंग ताणावे आणि चालत घरी जावे.